जुना, दुरुस्तीला आलेला डोंगा विकायचा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे, दिवस सरले, नदीचं पाणी ओसरू लागलं, की मला फोन सुरू होतात. "भाऊ, डोंगा काढायचा आहे, कोणी गिऱ्हाईक आहे का?" मी वैनगंगेच्या काठचा, मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरातला. डोंगा चालवणं आणि दुरुस्त करणं हे दोन्ही लहानपणापासून हाताखालून गेलं आहे. विचारणारे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे असतात, कधी वर्धा नदीकडचेही. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो.

इथे डोंगा म्हणजे लाकडी फळ्यांचा, पत्र्याचा किंवा फायबरचा, कुठलाही लहान होडका. आपल्याकडे शीड नसतं; बांबू आणि चप्पू (वल्हं) यांवरच सगळं चालतं. माझा मामा मागून वारा असला की दोन बांबूंवर चादर ताणायचा, तेवढंच आमचं शीड. पण कोणाकडे खरोखर शिडाची होडी असेल तर बुडाबद्दल खाली लिहिलेलं सगळं तिलाही लागू आहे.

दुरुस्त करून विकावा की आहे तसाच?

काय बिघडलंय त्यावर आहे. सांधे सुटले असतील, चार खिळे ढिले झाले असतील, वरची पट्टी निघाली असेल, तर दुरुस्त करून विका. दोन दिवसांचं काम असतं आणि गिऱ्हाइकाला डोंगा पाण्यावर दाखवता येतो. बुडाची फळी सडली असेल तर मात्र हात लावू नका. फळी बदलायला चांगलं वाळलेलं लाकूड लागतं, जाणता वाढई (सुतार) लागतो, आणि घेणाऱ्याला ते काम आपल्या डोळ्यांसमोर झालेलं हवं असतं. अशा वेळी वाढयाकडून खर्चाचा अंदाज कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. विकण्याआधी बुडाला नवं डांबर मारू नका.

का? डांबर मारलं तर डोंगा चांगला दिसतो ना?

दिसतो, तेच वाईट आहे. मी एकोणीस वर्षांचा असताना मामानं आणि मी शेजारच्या तालुक्यातून एक डोंगा घेतला. बुड नुसतं चकाकत होतं. डांबर इतकं ताजं, की बोट लावलं की काळं व्हावं. विकणारा म्हणाला, एकदम टंच आहे, बघायचं कामच नाही. आम्हीही बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे खोल पाण्यात जाळं ओढताना मी उजव्या पायावर जोर दिला आणि टाच फळीत गेली. मोडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. पिकलेल्या पपईत बोट जावं तशी गेली. मी पाय काढला तसं मुठीएवढं पाणी वर उसळलं. मामानं खांद्यावरचा दुपट्टा त्या भोकात कोंबला, मला त्यावर टाच रोवून बसायला लावलं आणि स्वतः बांबू मारत डोंगा काठाला आणला. जाळं तिथेच सोडलं. काठावर बुड खरवडलं तेव्हा दिसलं, की सडलेल्या जागी कापूस भरून वरून डांबराचा जाड थर दिला होता. विकणाऱ्याला त्या जागेची पुरती माहिती होती. माहीत नसतं, तर नेमका तिथेच कापूस कसा भरला असता?

मग गिऱ्हाइकाला दोष किती सांगायचे?

सगळे. त्यानं विचारायच्या आधी. बैल विकताना तो लाथ मारतो हे लपवलं तर घेणाऱ्याचा पाय मोडेल. डोंग्याचा दोष लपवला तर त्याचा मुलगा जाईल. हा फरक मनात ठेवूनच सौद्याला बसा.

कायद्यातही हे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं हे फसवणुकीत धरलं आहे, आणि फसवून झालेला करार समोरचा मोडू शकतो. १९३० चा मालविक्री कायदा घेणाऱ्यानं पारखून घ्यावं असं साधारणपणे मानतो, पण पारखू न देता डांबर फासणाऱ्याला त्याचा आधार मिळत नाही.

माझा अनुभव असा, की दोष सांगितल्यावर भाव थोडा पडतो, पण सौदा लवकर होतो. खडूनं दोषाच्या जागी गोल करून ठेवा. गिऱ्हाईक आला की आधी त्या गोलांकडेच न्या. ज्यानं चार गोल स्वतः दाखवले त्याच्या पाचव्या शब्दावर माणूस विश्वास ठेवतो.

माझ्याच डोंग्यात नेमकं काय बिघडलंय हे मला कसं कळणार?

लाकडी डोंगा असेल तर आधी तो काठावर ओढा, उपडा करा आणि दोन-तीन दिवस सावलीत राहू द्या. ओल्या लाकडात सगळंच मऊ लागतं. मग वाकसाच्या (लाकूड तासायच्या हत्याराच्या) दांड्यानं किंवा जड बांबूच्या तुकड्यानं बूड वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगलं लाकूड टणटण बोलतं. सडलेलं भद् वाजतं. माझे बाबा डोळे मिटून ठोकायचे. डोळे उघडे असले की नजर रंगावर जाते आणि कान काम करत नाही, असं म्हणायचे. भद् आवाज आला त्या जागी पेचकसचं टोक दाबा. दाबल्याबरोबर ते आत जात असेल तर फळी गेली. दोन्ही टोकांच्या सांध्यांत, आतल्या आडव्या दांड्यांच्या खाली आणि पाण्याची रेघ जिथे लागते तिथे हमखास बघा. पावसाचं पाणी साचून राहतं ते याच जागी.

समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपल्याच्या जातीचे किडे असतात, तो त्रास आपल्या नदीत नाही. पण खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लाकूड बुरशीनं लवकर सडतं. शिवाय डोंगा मातीवर टेकून ठेवला असेल तर उधई लागते, आणि ती आतून खाते. वरून फळी साबूत दिसते, आत कागद उरतो.

खिळे बघा. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं असेल, तर तिथे लोखंड आणि लाकूड दोघेही एकमेकांना खात आहेत. साग, बीजा, ऐन यांसारख्या लाकडातल्या तुरट द्रव्यामुळे लोखंडाला गंज लवकर चढतो आणि त्या गंजानं लाकूड झिजतं. खिळा हातानं हलला तर त्याच भोकात नवा ठोकून उपयोग नाही. बोटभर बाजूला नवं भोक पाडावं लागतं.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या मागच्या पाण्यात चालणाऱ्या डोंग्यांचं एक वेगळं दुखणं आहे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या त्या धरणाचं पाणी अडलं तशी काठची गावं, झाडं, भिंती पाण्याखाली गेल्या. पूर्वी उन्हाळ्यात डोंगा वाळूवर पडून सुकायचा. आता बारा महिने पाण्यात, गाळात आणि जलपर्णीत राहतो. शिवाय पाण्याखालच्या खुंटांवर, विटांवर बूड घासतं. म्हणून तिथल्या डोंग्याच्या बुडाची मधली फळी आधी तपासा.

पत्र्याचा डोंगा तपासायला सोपा. भर दुपारी उपडा करा, खाली वाकून आत शिरा आणि वर बघा. जिथे सुईच्या टोकाएवढा उजेड दिसतो तिथे भोक आहे. दोन-चार भोकं असतील तर पत्र्याचा तुकडा, मध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर आणि रिबिट, एवढ्यात काम होतं. पण चांदण्यासारखा उजेड दिसला तर तो पत्रा संपला. पातळ गंजक्या पत्र्यावर वेल्डिंग करायला जाऊ नका, एक भोक बुजवताना तीन पडतात. एमसील लावून विकणं तर डांबर मारण्याइतकंच वाईट.

फायबरच्या होडीत चिरा दिसतात, पण मोठा दोष आत असतो. तळवा ठेवून दाबा. जागा दबून परत वर येत असेल तर थर सुटले आहेत आणि मध्ये पाणी शिरलं आहे. ते पूर्ण वाळवल्याशिवाय वरून लावलेला थर धरत नाही. दुरुस्ती करायचीच असेल तर सकाळी लवकर, सावलीत करा. आपल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात रेझिन डब्यातच घट्ट होतं.

डोंगा दोन वर्षं काठावर पडून आहे. पाण्यात टाकला की भराभर भरतो. भंगारात द्यावा का?

घाई करू नका. वाळलेलं लाकूड आखडतं आणि सांधे उघडतात. पाण्यात राहिलं की फुगतं आणि सांधे मिटतात. डोंगा कमरेएवढ्या पाण्यात दोरीनं बांधून, भरला तर भरू देऊन, तीन-चार दिवस ठेवा. मग पाणी उपसा आणि बघा. पहिल्या दिवशी तासाला दहा बादल्या येत असतील आणि चौथ्या दिवशी एक, तर डोंगा चांगला आहे, फक्त तहानलेला होता. चौथ्या दिवशीही तेवढंच पाणी येत असेल तर दोष फळीत किंवा खिळ्यात आहे.

सांधे भरण्यासाठी सूत किंवा कापूस पिळून फटीत बसवतात आणि वरून राळ किंवा डांबर. कापूस फार ठासून भरू नका. लाकूड फुगलं की जागा नसल्यानं फळीच खिळ्यावरून उचलली जाते.

किंमत कशी ठरवू?

तसाच, त्याच मापाचा, चालू स्थितीतला डोंगा तुमच्या भागात कितीला जातो ते आधी तीन जणांना विचारा. त्यातून वाढयानं लिहून दिलेला खर्च वजा करा. मग दुरुस्तीच्या दिवसांत घेणाऱ्याची मासेमारी बुडते, त्याचेही थोडे वजा करा. समजा चालू डोंगा पंधरा हजारांना जातो, दुरुस्ती चार हजारांची आहे आणि आठवडा मोडणार आहे, तर नऊ-साडेनऊ मागणं रास्त. हे आकडे फक्त हिशेब समजावण्यापुरते. तुमच्या घाटावरचा भाव तुमचाच.

लाकडाची जात नक्की सांगा. सागाचा आणि बीज्याचा डोंगा जुना झाला तरी मान राखून असतो. आंब्याच्या किंवा सावरीच्या लाकडाचा असेल तर सागाचा म्हणून विकू नका. घेणारा पहिली फळी रंधताना ओळखतोच.

"बाबांनी एवढ्याला घेतला होता" हा मुद्दा सौद्यात आणू नये. त्याची किंमत तुम्हाला आहे, गिऱ्हाइकाला नाही.

विकायला कोणता महिना चांगला?

लाकडी, दुरुस्तीचा डोंगा असेल तर फाल्गुन-चैत्र. पाणी उतरलेलं असतं, घेणाऱ्याला पुढचे दोन-तीन महिने दुरुस्तीला मिळतात. चालू स्थितीतला असेल तर दिवाळीच्या आसपास, कारण पावसाळ्यात सोडलेली बोटुकली (माशांची पिल्लं) वाढून तलावातली काढणी त्यानंतर सुरू होते. ऐन पावसाळ्यात विकू नका. पूर असताना कोणी नीट तपासत नाही, आणि तपासल्याशिवाय घेतलेला डोंगा पुरात चालवला जातो.

गिऱ्हाईक कुठे शोधू?

मच्छीमार सहकारी संस्थेच्या बैठकीत, मासळी उतरते त्या घाटावर, आठवडी बाजारात मासळीच्या ओळीत. भंडारा-गोंदियात मामा तलावांवर (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या तलावांवर) काम करणाऱ्या संस्थांना लहान डोंगा नेहमी लागतो, कारण तलाव उथळ आणि कामं जवळची. नदीला न चालणारा जुना डोंगा बोडीत (लहान तळ्यात) किंवा मामा तलावात अजून काही वर्षं निघतो. मोबाइलच्या ग्रुपवर टाकत असाल तर फोटो चारच टाका, पण त्यातले दोन दोषाचे हवेत.

दलालाला देऊ का? माझं मत नको. दलाल दोष सांगत नाही आणि नंतर शिव्या तुम्हाला बसतात.

कागद करावा लागतो का? डोंग्याला कुठे सातबारा असतो?

सातबारा नसतो आणि तोंडी व्यवहारही कायद्यानं चालतो. तरी कागद कराच. साध्या कागदावर दोघांची नावं, गाव, तारीख, डोंग्याची लांबी-रुंदी, लाकूड, ओळखीची खूण, रक्कम, आणि खाली सगळे दोष एकेक करून. "वरील दोष पाहून घेतले" या ओळीखाली घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदार. संस्थेचे सचिव साक्षीला असले तर उत्तम. रक्कम मोठी असेल आणि मुद्रांकावर करायचं असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो.

या चिठ्ठीचा आणखी एक उपयोग. उद्या डोंगा कुठे वाळूचोरीत किंवा दारूच्या वाहतुकीत सापडला तर तो कोणत्या तारखेपासून तुमचा नाही हे दाखवता येतं.

नोंदणीचं काय?

इंजिन बसवलेली होडी असेल तर नोंदणी आणि तपासणीचे कागद गिऱ्हाइकाला द्यावे लागतील. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ आहे. त्यात बिनइंजिनाच्या होड्यांची नावं स्थानिक पातळीवर नोंदवून घेण्याचीही तरतूद आहे. ग्रामपंचायतीत आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात एकदा विचारून घ्या.

डोंगा अनुदानातून मिळालेला आहे. विकता येईल का?

मंजुरीचं पत्र काढा आणि अटी वाचा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेसारख्या योजनेतून घेतलेल्या होडीत सरकारचाही पैसा असतो, म्हणून कार्यालयाची परवानगी घेतल्याशिवाय हात लावू नका. संस्थेच्या नावावरचा डोंगा असेल तर तो कोणा एकाचा नाही. ठराव झाला पाहिजे आणि पैसे संस्थेच्या खात्यात गेले पाहिजेत. अध्यक्षांनी तोंडी हो म्हणणं पुरत नाही.

इसार किती घ्यावा? उधारीवर द्यावा का?

चौथा हिस्सा इसार घ्या, पावती द्या आणि डोंगा किती दिवसांत न्यायचा ते लिहा. "मासळी निघाल्यावर देतो" असं म्हणणारे बहुतेक प्रामाणिकच असतात, पण मासळी त्यांच्या हातात नसते. उधारी द्यायचीच असेल तर हप्ते आणि तारखा लिहून द्या.

घेणारा म्हणतो, घाटावर माणसं पोचवायला हवा. देऊ का?

दुरुस्तीचा डोंगा माणसं वाहायला देऊ नका. कितीही पैसे देत असला तरी नाही.

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण गेले. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत बुडाला. आपल्याकडे पूल लांब असतो, मजुरीची वेळ ठरलेली असते, आणि बाया एकमेकींना सोडून जात नाहीत. चारच्या जागी आठ जणी बसतात. मासेमारी करणाऱ्याला आपला डोंगा कुठे गळतो हे ठाऊक असतं आणि त्याला पोहता येतं. मिरचीला निघालेल्या बाईला यातलं काहीच ठाऊक नसतं. हे सगळं माहीत असून डोंगा दिला तर त्या फेरीत आपलाही हात आहे असं मी मानतो. चालू स्थितीतली होडी याच कामासाठी देत असाल, तर लाइफ जॅकेटं सौद्यातच धरा आणि किती माणसं बसवायची तो आकडा होडीच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहून द्या.

चप्पू, जाळी, दोर सोबत द्यायचे का?

चप्पू आणि बांबू द्या. उपसायचा डबाही द्या. जाळ्याचा सौदा वेगळा.

दुसऱ्या गावाला कसा न्यायचा?

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणसाच्या पेंढ्या अंथरून, त्यावर सुलटा. उपडा नेला तर कडांवर भार येऊन सांधे सुटतात. मागे बाहेर राहणाऱ्या टोकाला लाल कापड बांधा. नदीतून वाहवत न्यायचा मोह आवरा, विशेषतः गोसीखुर्दच्या खालच्या भागात. धरणाला ३३ दारं आहेत. त्यातली काही उघडली की खालचं पाणी बघता बघता चढतं.

बाबांचा डोंगा आहे. आई म्हणते विकू नये, लक्ष्मी आहे.

आईशी वाद घालू नका. आमच्याही घरी हेच झालं. बाबा गेल्यावर त्यांचा डोंगा तीन पावसाळे अंगणात चिंचेखाली उपडा पडून होता. आई दर पोळ्याला त्याला हळद-कुंकू लावायची आणि दर पावसाळ्यात तो थोडा थोडा सडत होता. शेवटी मी तिचा हात धरून बुडावर ठेवला आणि ठोकून आवाज ऐकवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ज्याला पाण्यात टाकायचा आहे त्यालाच दे. आम्ही तो मामा तलावावरच्या एका तरण्या पोराला दिला. टोकाची लोखंडी कडी, जिला बाबा दोर बांधायचे, ती काढून घेतली. ती आता घराच्या उंबऱ्याशी आहे. असं काही एक ठेवून घ्या. बाकीचं जाऊ द्या.

कोणीच घेत नाही. आता?

मग डोंगा म्हणून विचार सोडा. चांगल्या फळ्या गोठ्याच्या दाराला, गव्हाणीला कामी येतात. पत्रा कबाडी नेतो. फायबर मात्र शेकोटीत जाळू नका, त्याचा धूर छातीला वाईट. सागाच्या फळ्या विकायच्या किंवा गावाबाहेर न्यायच्या असतील तर आधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा. नाक्यावर ट्रॉली अडवली की ती फळी डोंग्याची होती हे सांगून पटत नाही, म्हणून तोडण्याआधी अख्ख्या डोंग्याचे फोटो काढून ठेवा.

विकून आठ दिवस झाले, आता फोन येतोय की पाणी येतंय. मी काय करू?

आधी विचारा, पाण्यात टाकून किती दिवस झाले. एकच दिवस झाला असेल तर भिजू द्या म्हणा, चालवू नका म्हणा. चार दिवस झाले असतील तर स्वतः जा. चिठ्ठी सोबत न्या, पाणी कुठून येतंय ते दोघं मिळून बघा. लिहिलेल्या जागेतून येत असेल तर खर्च त्याचा. तरी मी सूत आणि डांबराचा डबा घेऊन जातो आणि अर्धा दिवस हाताखाली राबतो. न लिहिलेल्या जागेतून येत असेल तर ती आपली चूक, दुरुस्तीचे पैसे परत करा. आणि तो म्हणाला की डोंगाच नको, तर इसारासकट सगळे पैसे मोजून द्या आणि ट्रॉली घेऊनच जा.